बाकी माल चांगला हाय

आमच्या गल्लीतले किराणावाले अप्पा वारले तेव्हाची गोष्ट. अंगणात ही गर्दी, बायकांचा आक्रोश, कुणी बांबू बांधतंय, कुणी सुतळी हुडकतंय. आणि ह्या सगळ्यात आमचे घरमालक खाली वाकून, अप्पांच्या अंगावर पांघरलेल्या पांढऱ्या कापडाचं टोक दोन बोटांत धरून उन्हाकडं करून बघत होते. बघितलं, चोळलं, सोडून दिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाला हळूच म्हणाले, "बाकी माल चांगला हाय, पण किनार वाकडी फाडलीय."

शेजारी उभा असलेला माणूस म्हणजे अप्पांचा थोरला मुलगा. बिचारा रडता रडता थांबला, त्यानं किनार बघितली आणि पुन्हा रडायला लागला. आता बापासाठी की कापडासाठी, देव जाणे.

अशा माणसाच्या घरात वरच्या मजल्यावर मी कितीतरी वर्षं भाड्यानं राहिले. मी मूळची कडा गावची. बीडला कॉलेजात नोकरी लागली आणि खोली हुडकत त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या हातातल्या बॅगेकडं बघून "शिवण उसवलीय" एवढंच म्हणाले आणि किल्ली दिली. त्यांना सगळे काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. पाठीमागं मात्र सगळ्या बीडात काकांचं एकच नाव होतं: कवडी.

कापूस नीट फुटला नाही, पिवळट पडला, किडका निघाला की त्याला आमच्याकडं कवडी म्हणतात. काका जन्मभर कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. पार तेलगावपर्यंतच्या शेतकऱ्यांचा कापूस त्यांच्या हाताखालून गेलेला. दसरा झाला की केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागायची आणि काका त्या रांगेतून फौजदारासारखे फिरायचे. कोपरापर्यंत हात ट्रॉलीत घालायचा, पार तळातून मूठभर कापूस ओढायचा, आभाळाकडं धरायचा, हुंगायचा. शेतकरी तोवर श्वास रोखून उभा. मग काका म्हणायचे, "बाकी माल चांगला हाय, पण..." त्या 'पण'च्या पुढं काहीही येवो, शेतकऱ्याला कळायचं की आपला भाव पडला. मग खिशातून खडू काढून ट्रॉलीच्या फळीवर एक गोल काढायचा आणि पुढच्या ट्रॉलीकडं चालायचं. गोल म्हणजे कवडी. मागं शेतकरी काय बोलायचे ते मी इथं लिहू शकत नाही. मी कॉलेजात शिकवते.

बरं, माणूस लाच खाणारा असता तरी परवडलं असतं. लाचखाऊला निदान काहीतरी चारता येतं. ह्यांना काय चारणार? पेढा दिला तर त्यात साखरेचा खडा हुडकायचे. कुणाचं वाईट व्हावं असंही त्यांच्या मनात नसायचं. खोट सापडली की झालं, चेहरा असा उजळायचा की जणू मुलगा झालाय. मुलंबाळं त्यांना नव्हती. काकू म्हणायच्या, "बरं झालं बाई. त्या लेकराच्या कपाळावर बी ह्यांनी खडूनं गोल काढला असता."

काकूंना बघायला गेलते तेव्हाही काकांनी आपला शेरा दिलाच होता. पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मुलगी बाकी चांगली हाय, पण डावी भिवई जराशी वर हाय." काकांच्या वडलांना मुलगी पसंत होती म्हणून लग्न झालं. नाहीतर काकू सुटल्या होत्या. "तवापासून ही भिवई खाली आलीच न्हाई बग," असं त्या मला सांगायच्या, आणि खरंच काकांनी तोंड उघडलं की काकूंची डावी भिवई वर जायची.

काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. जन्मभर एसटीला लोंबकळून, जीपच्या पायरीवर उभं राहून खेडी पालथी घातलेली बाई. रिटायर झाल्या तेव्हा त्यांचे गुडघे गेलते. हातात पैसे आले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे चारचाकी. आणि तीही स्वतः चालवायची. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकू हसणाऱ्यांच्या समोरून रोज सकाळी ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत बसून जायला लागल्या. सोबतीला मी मागच्या सीटवर, जीव मुठीत धरून.

काकूंच्या ह्या हट्टामागं त्यांची आक्का होती. थोरली बहीण, लिंबागणेशला राहायची. काकूंना नर्सिंगला जायचं होतं तेव्हा बापानं सपशेल नकार दिला होता. आक्कानं काय करावं? बाप बाजाराला गेल्यावर बैलगाडी जुंपली, धाकटीला पेटीसकट आत घातलं आणि स्वतः कासरा धरून तिला बीडला आणून सोडलं. परत गेल्यावर मार खाल्ला तो वेगळाच. त्या वाटेत आक्का म्हणाली होती, "आज मी तुला नेते. एक दिवस तू मला ने." एवढी वर्षं ते बोलणं दोघींनी जपून ठेवलं होतं. आता आक्काला काचबिंदू झाला होता. कडेकडेनं दिसेनासं व्हायलं होतं आणि मधलं तेवढं उरलं होतं. काकू नर्स, त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. गेलेली नजर परत येत नसते. आक्काचं म्हणणं एकच, "मला दिसतंय तवर तू गाडी चालवत ये. मला तुला बगायचंय."

बीडहून लिंबागणेश म्हणजे किती लांब? मांजरसुंब्याचा घाट चढला की आलंच. सकाळी निघालेला माणूस गणपतीचं दर्शन घेऊन जेवायला घरी. आमच्या काकांनी ह्या एवढ्याशा रस्त्याला दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वेळ लावला.

गाडी विजेवरची घ्यायची, हा काकांचा निकाल. कारण काय? "पेट्रोलात भेसळ असती. विजेत काय मिसळतेत?" पुढं बीडची वीज दिवसातून दहांदा जायला लागली तेव्हा "वीज बी कवडी हाय" म्हणून तिलाही त्यांनी शेरा मारला, पण तोवर गाडी ठरली होती. रंगही त्यांनीच ठरवला. पांढरा. "पांढऱ्यात खोट लपत न्हाई," म्हणाले. लोक खोट दिसू नये म्हणून रंग निवडतात. हे दिसावी म्हणून.

दसऱ्याला गाडी दारात आली. काकूंनी ताट तयार ठेवलं होतं, हळद, कुंकू, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं. काका म्हणाले, "थांब. उद्या सकाळच्या उन्हात बगू. रंगाला आज हात लावायचा न्हाई." काकूंची भिवई वर गेली, पण ताट त्यांनी झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आरोळी आली, "सापडली! सापडली!" मला वाटलं साप. मी काठी घेऊनच जिना उतरले. तर काका गाडीच्या बॉनेटवर गाल टेकवून, एक डोळा मिटून, तिरप्या उन्हात बघत होते. "ये, बग. रंगाच्या खाली धुळीचा कण हाय." मला काही दिसेना. त्यांनी खिशातून खडू काढला आणि कोऱ्या गाडीवर गोल काढला. मग गोलाच्या आत बघितल्यावर मला खरंच मोहरीच्या निम्म्याएवढं काहीतरी दिसलं. ते नसतं दिसलं तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर काकांना माझ्या रूपानं साक्षीदार मिळाला.

मग काय विचारता! मागच्या दाराच्या खाली रंगाचा ओघळ निघाला. छताजवळ संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा निघाला. बंपरचा पांढरा आणि दाराचा पांढरा वेगळा निघाला. "एक गाईचं दूध हाय, एक म्हशीचं," काका म्हणाले. पांढऱ्यावर पांढरा खडू दिसेना म्हणून निळा खडू आणला. आठवड्याभरात गाडी देवी आल्यासारखी दिसायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला काका हाताला धरून आत आणायचे, चहा पाजायचे आणि एकेक गोल दाखवायचे. लोक नवी गाडी बघायला आले तर पेढे मिळतात. आमच्याकडं खोटी मिळायच्या.

खोटी खऱ्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. कारखान्यात कुणीतरी हयगय केली होती, ह्यात वाद नाही. पण अहो, भाकरीला एक ठिपका करपला म्हणून कुणी उपाशी राहतं का?

काकांनी कंपनीला कळवलं. कंपनी म्हणाली, फोटो पाठवा. काकांनी फोटो काढले. चकचकीत पांढऱ्या रंगाचा फोटो काढला की त्यात काय येणार? प्रत्येक फोटोत काकाच आले, बनियनवर, मोबाइल धरून, एक डोळा मिटलेले. कंपनी म्हणाली, ह्यात आम्हाला फक्त एक गृहस्थ दिसतात. मग म्हणाली, गाडी संभाजीनगरच्या वर्कशॉपला आणा. काका म्हणाले, "वा रे वा! रस्त्यानं आणायची, वाटंत खडे उडणार, आन् तुमी म्हणणार ही खोट रस्त्याची. तुमीच या." कंपनी म्हणाली, सगळं मर्यादेत आहे. हे ऐकल्यावर तर काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोट मर्यादेत? मी जन्मात कुणाला म्हणालो का, की तुझी कवडी मर्यादेत हाय म्हणून?"

हे मात्र खरं होतं. बीड जिल्ह्यातला कुठलाही शेतकरी शपथेवर सांगेल.

तोवर गाडी हलवायची नाही, असा हुकूम. खडा उडाला तर? कावळ्यानं घाण केली तर? पूजाही नाही. "कुंकवाचा डाग पडतो रंगाला. हळदीचा त्याहून. नारळाचं पाणी सांडलं तर कंपनीला आयतंच सापडलं." काकू म्हणाल्या, पूजेबिगर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. काका म्हणाले, रंगाचं मिटल्याबिगर पूजा नाही. आणि गाडी रस्त्यावर नेल्याबिगर रंगाचं मिटायचं नाही. असा तिढा घालायला विद्यापीठातले लोक लागतात. आमच्या काकांनी तो एकट्यानं घातला.

मी काकूंना म्हणाले, भाड्यानं गाडी करून आक्कांना भेटून या. काकू जीपनं जायच्याच अधूनमधून, गुडघे दाबत. पण आक्का दारात उभी राहून त्यांच्या मागं बघायची. "गाडी कुठं हाय?" काकू म्हणायच्या, "रंगाचं काम निघालंय." आक्का म्हणायची, "नव्या गाडीला कावून गं?"

संध्याकाळी काकू त्या उभ्या गाडीत जाऊन बसायच्या. ड्रायव्हरच्या सीटवर, प्लॅस्टिकचं कव्हर न काढता, मांडीवर परात घेऊन लसूण सोलत. तिथूनच आक्काला फोन लावायच्या. "गाडीत बसूनच बोलतीय बग." पलीकडून आक्काचा आवाज मला जिन्यात ऐकू यायचा. "मग यायलीस का?" काकू एक हात स्टिअरिंगवर ठेवायच्या आणि दुसऱ्यानं पुढची पाकळी उचलायच्या. काका येऊन म्हणायचे, "लसणाचं टरफल सीटखाली जाऊ देऊ नको." मी वरून बघायचे आणि माझा असा संताप व्हायचा की वाटायचं, कुंडी सोडावी वरून. काकांच्या डोक्यात नको, बॉनेटवरच. तिथंच जास्त लागली असती.

त्या घराला एक खोट होती आणि ती मी पहिल्या महिन्यापासून काकांना सांगत होते. फाटकाचा कोयंडा चांगला बोटभर आत आला होता. त्यानं माझ्या दोन ओढण्या फाडल्या, दूधवाल्याचं कोपर सोललं. मी सांगायचे, काका, हा कोयंडा ठोकून घ्या. काका म्हणायचे, "फाटक बाकी चांगलं हाय." जगाच्या मालात कवडी हुडकणाऱ्या माणसाला स्वतःच्या फाटकात एवढं लोखंड दिसेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

उन्हाळा आला. अंगणातल्या कडुलिंबाचा फुलोरा गाडीवर पडायला लागला म्हणून काकांनी कव्हर आणलं. आणि एवढ्या महिन्यांनी कंपनी नमली. त्यांचा माणूस स्वतः बीडला येणार, असं ठरलं. काकांना सण होता. निळे गोल पुसट झालते, ते त्यांनी पुन्हा गिरवून घेतले. तो यायच्या आदल्या दिवशी दुपारी आक्काचा फोन आला. मी काकूंच्या ओट्यावरच बसले होते. आक्का रडत नव्हती. साधंच बोलत होती. "आज सकाळी नातवाचं तोंड दिसलं न्हाई बग. आवाजावरून वळखलं."

काकूंनी फोन ठेवला. आत काका जेवून झोपलते, घोरणं ऐकू येत होतं. काकूंनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि मला म्हणाल्या, "चल."

"कुठं?"

"लिंबागणेशला."

"काका?"

काकूंची भिवई वर गेली. मी चप्पल घातली.

कव्हर काढलं. निळ्या गोलांनी भरलेली ती गाडी भर उन्हात उभी राहिली. काकू बसल्या, त्यांनी बटण दाबलं. पेट्रोलची गाडी असती तर काका ताडकन उठले असते. पण ही विजेची. हूं की चूं नाही. मांजर चालावं तशी गाडी फाटकाकडं सरकली. आणि फाटकातून निघताना तो कोयंडा गाडीला लागला आणि पुढच्या दारापासून पार मागच्या दिव्यापर्यंत कर्रर्र करत गेला.

त्या आवाजानं काका उठले. मी आरशात बघितलं. बनियनवर, एका पायात चप्पल, एक हात वर करून काका रस्त्यावर धावत होते आणि ओरडत होते, "रंग! आगं, रंग!"

"मागं बगू नको," काकू म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, कोण जाणे.

घाटात काकूंनी गाडी अशी चालवली की मागच्या ट्रकवाल्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण पोचलो. आक्का ओट्यावर बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून, रस्त्याकडं तोंड करून. गाडी तिच्या समोर चार हातांवर उभी राहिली तरी तिला कळलं नाही. आवाजच नव्हता ना. काकूंनी हॉर्न वाजवला तेव्हा ती दचकली.

"आक्के, आले गं. गाडी घेऊन आले."

"कुठं हाय?"

"ही काय. तुज्या समोर."

आक्कानं मान इकडून तिकडं फिरवली. "पांढरं दिसतंय कायतरी," ती म्हणाली. खाली उतरायला काकूंना वेळ लागला, आणि ते गुडघ्यांमुळं नव्हतं. मग त्यांनी आक्काचा हात धरून तिला बॉनेटपाशी आणलं. आक्कानं दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले आणि हळूहळू फिरवले, गाईच्या पाठीवरून फिरवावे तसे. जिथं जिथं काकांना जगाचा अंत दिसला होता त्या सगळ्या जागांवरून ते हात गेले.

"लई गुळगुळीत हाय गं."

"हे तुला लागत न्हाई का हाताला? इथं? कण हाय म्हणतेत हे."

"कुठला कण? मला तर सगळी पांढरी दिसती." तिनं बोटं चोळली. "पीठ कशाचं लागलंय?"

"खडूचं."

"खडूनं काय काढलंय?"

"रांगोळी," काकू म्हणाल्या. मी तोंड फिरवलं.

आक्कानं सुनेकडून हळदी-कुंकवाचा करंडा मागितला. पूजा केल्याबिगर गाडीत बसणार नाही, म्हणाली. पाण्यात कुंकू कालवून तिनं बोटानं बॉनेटवर स्वस्तिक काढलं. दिसत नसल्यामुळं ते आडवंतिडवं झालं. एक पाय निळ्या गोलाच्या मधोमध गेला, एक दिव्यावर उतरला. मग नारळ फुटला, पाणी सगळीकडं उडालं. मग ती पुढच्या सीटवर बसली. गाडी निघाल्यावर तिनं हात लांब करून चाचपत चाचपत स्टिअरिंगवरचा काकूंचा हात हुडकला आणि त्यावर आपला हात ठेवला. "तूच चालवतीस ना? हा तुजाच हात हाय. हाय, हाय. तुजाच." गणपतीच्या देवळापर्यंत ती तो हात सोडेना. एका हातानं गाडी चालवायची नसते असं क्लासमध्ये शिकवलं होतं. कोण सांगणार?

संध्याकाळी परत आलो तेव्हा काका फाटकातच हातात चालू बॅटरी घेऊन उभे होते. आम्ही उतरलो. त्यांनी विचारलं नाही, आक्का कशी हाय, तुमी नीट आलात का. ते गाडीभोवती फिरले. ओरखड्यावरून बोट फिरवत पार मागच्या दिव्यापर्यंत गेले. मग बॉनेटवर बॅटरी मारली. कुंकू, हळद, नारळाचं वाळलेलं पाणी.

"डाग पडणार हा," ते म्हणाले. "आन् उद्या त्यो माणूस यायलाय. काय सांगू मी त्याला?"

एवढ्या वर्षांत मी काकूंचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही.

"तिला दिसले न्हाई मी," काकू म्हणाल्या. "दसऱ्याला नेलं असतं तर दिसले असते. संक्रांतीला दिसले असते. आज नुसतं पांढरं दिसलं तिला. हातानं चाचपून बगितलं तिनं मला, आंधळ्या बाईनं लेकरू चाचपावं तसं. लई गुळगुळीत हाय म्हणाली तुमची ही कवडी. मला तर सगळी पांढरी दिसती, म्हणाली." त्यांनी किल्ली काकांच्या हातात ठेवली. "आता कंपनीची खोट कुठली आन् घरातली कुठली, बसा निवडत."

आणि त्या आत गेल्या. काका बॅटरी तशीच चालू ठेवून उभे होते. उजेड मात्र गाडीवर नव्हता. कोयंड्यावर होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. मला वाटलं, आता काकांचं भांडण बघायला मिळणार. म्हणून मी कॉलेजला उशीर केला, हे कबूल आहे. तो माणूस गाडीभोवती फिरला. वाकला. बोट फिरवलं. एक डोळा मिटून उन्हात बघितलं. अगदी काकांसारखं. काका श्वास रोखून उभे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूला उभे होते.

"बाकी सगळं ठीक आहे काका, पण," तो माणूस म्हणाला, आणि मला हसू आवरेना. "पण हे निळे ओरखडे बघा. खडूत रेती असते. गोल काढून काढून तुम्हीच वरचा थर घासलाय. हे कंपनीकडं लागत नाही. हा बाजूचा ओरखडाही नाही. बॉनेटवरचा कण मात्र आमचा आहे. तेवढं मान्य. बॉनेट फुकट नवं रंगवून देतो, आज मी स्वतः गाडी घेऊन जातो." असं म्हणून त्यानं फडकं काढलं आणि कुंकू पुसायला हात पुढं केला.

काका जिंकले होते. एवढ्या महिन्यांचा लढा, आणि कंपनीनं तोंडानं कबूल केलं होतं की खोट आमची. ओट्यावर काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण बोटं थांबली होती.

काकांनी त्या माणसाचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या."

"अहो, फुकट आहे काका. तुम्हीच तर..."

"ऱ्हाऊ द्या म्हणालो ना. चहा घ्या आन् निघा."

त्या माणसानं सही घेतली, चहा घेतला आणि एका खुळ्या माणसापासून सुटका झाल्याच्या आनंदात निघून गेला. दुपारी काकांनी हातोडा आणला आणि फाटकाचा कोयंडा ठोकून ठोकून सपाट केला. मी म्हणाले, "काका, माझ्या दोन ओढण्या गेल्या." ते म्हणाले, "ओढणी बाकी चांगली होती, पण लांबच लई." म्हणजे माणूस सुधारला वगैरे काही समजू नका. त्याच आठवड्यात त्यांनी मी धुतलेल्या जिन्यात मला तीन जागा दाखवल्या.

काकू दर मंगळवारी लिंबागणेशला जायला लागल्या. आक्का पुढच्या सीटवर बसून हात धरायची. तिला पुन्हा काही दिसलं नाही. काकूंनी काकांना त्याबद्दल माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. भिवई होती तिथंच होती.

पुढं मी माझं घर घेतलं आणि तिथून निघाले. निघायच्या दिवशी काकांचा पुण्याचा भाचा आला होता. तो गाडी बघत होता, आणि कुंकवाचं काय झालं होतं सांगू? काका म्हणाले होते तसंच झालं होतं. पावसानं कुंकू गेलं, पण बॉनेटवर त्याचा आडवातिडवा गुलाबी डाग कायमचा बसला होता. लांबून दिसायचा. भाच्यानं त्यावर बोट ठेवलं.

"मामा, हे काय? केवढा डाग पडलाय. पॉलिशनं निघून जाईल."

काका बॉनेटजवळ गेले. खाली वाकले. एक डोळा मिटला. खिशात हात घातला, आणि मला वाटलं आता खडू निघतोय. त्यांनी रुमाल काढला आणि भाच्याच्या बोटाचा ठसा पुसून टाकला.

"कुठं हाय बे डाग?" ते म्हणाले. "मला तर सगळी पांढरी दिसती."